खाजरा अळू

भानुबेन कुंपणावरून विचारते,
"पातरां माटे बे पान आपशो?"
देईन की, पण तीन दिवस घसा धरून बसशील.
हा खायचा नाही, नुसता बघायचा.
ती हसते. अख्ख्या कारेलीबागेत
न खायचा अळू लावणारी मी एकटी.

त्याला फूल येतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.
देठांच्या गर्दीत, पिवळट म्यानात गुंडाळलेलं.
संध्याकाळी सातला ते कोमट होतं,
बोट टेकवलं की कळतं,
आणि पिकल्या पपईसारखा वास सुटतो.
तळाशी बायका, वर पुरुष,
मध्ये कंबर आवळलेली.
बायका पहिल्या रात्री जाग्या.
पुरुष उठणार दुसऱ्या दिवशी,
तोवर खालचं दार बंद.
हे मी यांना सांगितलं, तर
पेपर खाली न करता म्हणाले, "मग?"

मग मी.
दाढीच्या ब्लेडनं म्यानाला खिडकी पाडते.
गुप्त्यांच्या काळ्या अळवाचं पीठ
फ्रिजमध्ये, जुन्या कुंकवाच्या करंड्यात,
दह्याच्या शेजारी.
नातवाच्या रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश.
श्वास धरून दोनदा फिरवते,
मग देठाला दोरा: लाल म्हणजे बाप काळा,
निळा म्हणजे बाप पट्टेरी.

महिना-सव्वा महिन्यानं बोंड फुटतं.
खसखशीहून बारीक, बुळबुळीत बी
चहाच्या गाळण्यात धुते.
(ते गाळणं वेगळं आहे, हे मी घरात शंभरदा सांगितलंय.)
श्रीखंडाच्या डब्यात काथ्याचा भुगा,
वर झाकण, आत घाम.
चारशे रोपं. पहिली पाच पानं
सगळ्यांची हिरवी, सगळ्यांची सारखी.
सहाव्या पानाला वळण कळतं,
मग वीस ठेवायची.
उरलेली खड्ड्यात घालायचं काम
मी दुपारी करते, घर झोपल्यावर.

त्या ऑगस्टात विश्वामित्री घरात आली.
तीन दिवस आम्ही गच्चीवर,
पोहे, मेणबत्त्या आणि भानुबेनची शिवणयंत्रासकट माणसं.
अळवावरचं पाणी म्हणतात ना,
मी तीन दिवस वरून बघत होते
पाण्याखालचा अळू.

चौथ्या दिवशी चिखल, आणि टबांच्या मधोमध
सहा फुटांची मगर,
दमून आलेल्या पाहुण्यासारखी.
जंगलखात्याची पोरं दोर घेऊन आली.
"काकी, आत जा."
मी म्हटलं, बाबांनो, त्या निळ्या टबावर तेवढा पाय देऊ नका.

आईस्क्रीमच्या काड्यांवर लिहिलेली नावं गेली.
वहीचा लगदा झाला.
दोन काड्या भानुबेनच्या तुळशीत सापडल्या,
कोऱ्या.

दिवाळीच्या सुमारास मोरीच्या तोंडाशी
एक पान उलगडलं.
काळं, अगदी काजळी धरलेल्या तव्यासारखं,
आणि मधोमध, देठ टेकतो तिथे,
दुधाचा एक थेंब.
असं माझ्याकडे कधीच नव्हतं.
गुप्ते रिक्षा करून बघायला आले. भिंगातून बघितलं,
चहा घेतला, मग म्हणाले,
"आई-बापाची नोंद नाही, म्हणजे गणतीत नाही."
यांनी पेपर खाली केला.
"मगरीला विचारा ना."

मी रात्रभर लाल दोरे, निळे दोरे आठवत पडले.
काही केल्या जुळेना.

सकाळी मोरीजवळ एक काडी रोवलेली.
बत्तीस वर्षं ट्रेझरीत खर्डेघाशी केलेलं
ते उजवीकडे कललेलं अक्षर:
आई-बाप अज्ञात.
मु. पो. मोरी.
पाणी रोज.

आणि आतून आवाज,
"अगं, चिंच कुठे ठेवलीस?
हाताला काय खाज सुटलीय!"